दुभाष्याचा ‘मी’

जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या जुन्या सभागृहात निवृत्त दुभाषी सोलांज पाहुण्यांना, जिथून ती भाषणांचा अनुवाद करायची ती काचेची खोली दाखवत होती. एक पोक्त बाई पुढे आली.

"मी इथे निर्वासित होते तेव्हा रेडिओवर तुम्हालाच ऐकलं. ‘मी एकाही गावकऱ्याला हात लावला नाही,’ म्हणालात."

"ते तुमच्या देशाचे सेनापती म्हणाले, मादाम. दुभाष्याला ‘मी’ म्हणूनच बोलावं लागतं."

"मग आता माझं बोला." बाई स्पॅनिशमध्ये म्हणाली, "त्याच्या सैनिकांनी माझ्या भावाला जिवंत विहिरीत टाकलं."

सोलांज सवयीने रिकाम्या खुर्च्यांकडे वळली. "त्याच्या सैनिकांनी माझ्या भावाला..." फ्रेंचमध्ये बोलता बोलता तिचा गळा दाटला.

"सेनापतीचं बोलताना नव्हता दाटला," बाई म्हणाली. "वाक्य पुरं करा."