मामांची मेल अडकली

दौंडमध्ये 'भीमाई नेट'ची वायर ज्याच्यावरून गेली नाही असा खांब शोधून सापडायचा नाही. वायर ओढणारी पोरं गावाला नावानिशी माहीत. पण स्टेशनजवळच्या ऑफिसात, मागच्या खोलीत बसणारी हर्षदा दिवसभर काय करते, ते कुणी विचारू नये आणि तिनं सांगू नये. सोयऱ्याधायऱ्यांत तिची ओळख एवढीच, की पोरगी नेटमध्ये आहे.

हर्षदाचं काम होतं जाणाऱ्या मेलचं. गिऱ्हाइकानं पाठवलेली मेल दौंडच्या बाहेर पडण्याआधी भीमाईच्या मशीनमधून जायची. तिथलं सॉफ्टवेअर बघायचं, की एकाच माणसाकडून अचानक मेलचा लोंढा सुटलाय का, सोबतच्या फाइलीत व्हायरस आहे का, फसवणुकीची भाषा आहे का. संशय आला की मेल तिथंच थांबायची. मग ती सोडायची की नाही, हा शेवटचा शब्द हर्षदाचा. आणि तो शब्द द्यायला तिला कधी कुणाची भीड वाटली नाही.

येणाऱ्या मेलची काळजी सगळ्यांनाच असते हो. आपल्या घरातून घाण बाहेर चाललीय म्हटलं, की माणूस आधी हात वर करतो. पूर्वी ही तपासणी नव्हती, तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमधून व्हायरसवाल्या मेलचा असाच लोंढा सुटला. जगभरच्या मोठ्या मेल कंपन्यांनी एकट्या त्या गिऱ्हाइकाला नाही, अख्ख्या भीमाईलाच काळ्या यादीत टाकलं. डॉक्टरांचे रिपोर्ट परत, कुरकुंभच्या कारखान्यांची कागदपत्रं परत, कॉलेजचे निकाल परत. मालक संपतशेठ दारोदार हात जोडत फिरले. त्यानंतर हर्षदानं ही तपासणी बसवली आणि दौंडची मेल पुन्हा सरळ चालायला लागली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडतंय तोच तिचा फोन वाजला. कासुर्डीचे हनुमंत मामा.

"हर्षे, माझी मेल अडकलीय. तेवढी सोड."

ना कशी आहेस, ना चहा झाला का. मामांचं गुऱ्हाळ होतं. धनगराच्या घरात मेंढरं गेली, ऊस आला, आणि मामांनी त्या उसाचा बिनरसायनी गूळ करून नाव कमावलं होतं. हर्षदाचे वडील गेल्यावर तिच्या शिक्षणाचा भार ह्याच मामांनी उचलला. तिला दौंडच्या कॉलेजात घालायला ते स्वतः आले होते, आणि फॉर्मवर सही करताना छाती अशी काढली होती की जणू पोरगी कलेक्टरच झाली.

"मामा, कसली मेल हाय?"

"हॉलंडच्या बाईंची, त्या आपला गूळ घेणार हाईत ना, त्यांना. गुळाचा लॅबचा रिपोर्ट पाठवायचाय. आज त्यांची मीटिंग हाय संध्याकाळी. रिपोर्ट न्हाई पोचला तर ऑर्डर कोल्हापूरवाल्याला जातीय. कोल्हापूरवाल्याला, हर्षे!"

हे शेवटचं वाक्य मामांनी असं म्हटलं, की जणू कोणी त्यांच्या अंगणातून गाय सोडून नेतंय. हर्षदाला सगळं कळलं. वर्षभर मामा त्या बाईंच्या मागे होते. नमुने पाठवले, व्हिडिओवर गुऱ्हाळ दाखवलं, इंग्रजी बोलायला पूनमला, म्हणजे आपल्या लेकीला, शेजारी बसवलं. ही ऑर्डर गेली तर मामा मोडून पडले नसते, पण पुन्हा कासुर्डीबाहेर पाऊल टाकायची उमेद त्यांच्यात उरली नसती.

तिनं मामांचं खातं उघडलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. खंडेनवमीच्या सकाळपासून मामांच्या नावानं मेलचा धबधबा सुटला होता. सॉफ्टवेअरनं सगळ्या अडवल्या होत्या आणि खात्याचं दारच लावून टाकलं होतं. मामांची आजची मेलही त्या ढिगात. आणि रिपोर्टच्या फाइलीलाही व्हायरस चिकटलेला.

"मामा, खंडेनवमीला कॉम्प्युटरवर कोण बसलं व्हतं?"

"कोण बसंल? हत्यारं पूजेला असत्यात त्या दिवशी. कोयते, पहारी, गुळाची कढई, कॉम्प्युटर, समदं पूजेत. आपल्यात त्या दिवशी हत्याराला हात लावत न्हाईत, इसरली का काय?"

"पण त्याच दिवशी तुमच्या कॉम्प्युटरवरून हजारो मेल निघाल्यात."

"खोटं हाय ते!" मामांचा पारा चढला. "माझ्या घरात सणाचा नेम मोडला म्हणतीस? आईची शप्पथ, कुणी बोट लावलं न्हाई."

मामा जितकं ठासून सांगत होते, तितकी हर्षदाची खात्री पटत होती. माणसानं हात लावला नाही, तरी मेल निघत होत्या. म्हणजे त्या माणसाच्या नव्हत्याच.

"तुमचं खरंच हाय मामा. कुणी न्हाई लावला हात. व्हायरस हाय तुमच्या कॉम्प्युटरात. तुमचा रिपोर्टबी त्यानं नासवलाय. सोडता यायची न्हाई ती मेल."

"एक मिनिट उघड दार. माझी एक मेल जाऊ दे, मग लाव पुन्हा."

"आपले आजोबा मेंढरं खतासाठी दुसऱ्याच्या रानात बसवायला न्यायचे, तवा वाड्यातून निघताना एकेकाची खुरं बघायचे ना? एक जरी खुरकुताचं गेलं तर पुढच्या वर्षी कुणी रानात उभं करायचं न्हाई. तसंच हाय हे."

"माझ्या मेलला मेंढरू म्हणतीस?" मामा गरजले. "तुला शिकवली ती ह्याच्यासाठी? सख्ख्या मामाची अडवणूक करायला?" आणि फोन आपटला.

हे मात्र हर्षदाला लागलं. कुणी गिऱ्हाइकानं शिव्या घातल्या असत्या तर तिनं हसून सोडून दिलं असतं. ती पाणी प्यायली, आणि परत स्क्रीनकडे वळते तोवर संपतशेठ दारात.

"हर्षदा, तुझ्या मामांचा फोन होता. फार तापलेत. अगं, घरचंच माणूस आहे, सोडून टाक ना एक मेल."

"घरचं आहे म्हणूनच सांगते शेठ, त्या फाइलीत व्हायरस आहे. तुम्हाला सोडायची असेल तर या, बसा इथं, बटण हे आहे." ती खुर्चीतून उठलीच. "पण परत काळ्या यादीत गेलो, तर हात जोडायला ह्या वेळी मी यायची नाही."

संपतशेठनी बटणाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, आणि त्यांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवलं.

नकार देऊन हात झटकणाऱ्यांतली हर्षदा नव्हती. मेल सोडायची नाही हे ठरलंच होतं, पण रिपोर्ट हॉलंडला आजच पोचणार हेही तिनं तितकंच पक्कं ठरवलं. मामांचं खातं उघडायचं तर आधी त्यांच्या कॉम्प्युटरातला व्हायरस शोधायला हवा होता. लॅपटॉप पिशवीत घातला आणि पुण्याकडे जाणारी डेमू लोकल गाठली. गाडीतूनच पूनमला फोन केला, "लॅबला सांग, रिपोर्टची नवी प्रत थेट माझ्या मेलच्या पत्त्यावर पाठवा. आन् यवतला स्टेशनवर गाडी घेऊन ये. मामांना सांगू नको."

"सांगायची गरजच न्हाई दीदी," पूनम म्हणाली. "सकाळपासून कुणाशी बोलतच न्हाईत ते."

गुऱ्हाळावर कढई रटरटत होती आणि युपीचा गुळव्या फळीनं रस ढवळत होता. पलीकडच्या ऑफिसात मामा खुर्चीत पाठमोरे बसलेले. भाची दारात आली तरी त्यांनी मान वळवली नाही. अनसाबाई, म्हणजे हर्षदाची आजी, कोपऱ्यात शेंगा फोडत होती. तिनं डोळ्यानंच खुणावलं, की ये आत, गुरगुरतोय नुसता.

कॉम्प्युटरवर अजून झेंडूचा हार होता. वर आपट्याची पानं. स्क्रीनला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली. आणि मशीन चालू.

"हा बंद न्हाई केला का कुणी?" हर्षदानं पूनमला विचारलं.

"कसा करणार? देवी हाय ना त्यात."

हर्षदानं माऊस हलवला. स्क्रीन उजळला, आणि सिंहावर बसलेली, आठ हातांची, डोळे दिपवणारी देवी समोर आली. खाली सोनेरी अक्षरात शुभेच्छा. कुंकवाची बोटं बरोब्बर देवीच्या कपाळाच्या आसपास होती.

"हे कुठनं आलं?"

उत्तर मामांनीच दिलं, भिंतीकडे बघत. "मेलवर आलं व्हतं, सणाच्या आदल्या दिवशी. उघडताना इचारत व्हतं, परवानगी देता का म्हणून. देवीला परवानगी लागती व्हय? दिली. म्हणलं नुसत्या डब्याची पूजा करण्यापरीस पडद्यावर देवी असंल तर बरं. मग पूजेतली देवी बंद कशी करायची? ऱ्हाऊ दिली तशीच, दिव्यासंगं."

हर्षदानं ओठ घट्ट मिटले. नेटची वायर काढली, पेन ड्राइव्ह लावला, फाइल तपासली. क्षणात उत्तर आलं. देवीच्या चित्रामागे व्हायरस दडवला होता. परवानगी मिळाली तशी त्यानं मामांचा पासवर्ड उचलला आणि कामाला लागला. बाकी सगळ्या हत्यारांना सुट्टी होती, ह्याला तेवढी नव्हती.

"काय निघालं?" मामांना राहवलं नाही.

"मामा, तुम्ही ज्याला कुंकू लावलं ना, त्या चित्रातच व्हता तो."

मग पूनमला हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडात कोंबली, पण ते थांबेना. हर्षदाचाही बांध फुटला. मामा दोघींकडे बघत राहिले.

"म्हंजी आमी सणाच्या दिशी व्हायरसला निवद दाखिवला?"

"गप रं," अनसाबाई शेंगा बाजूला सारत म्हणाली. "निवद देवीला दावलाय. तिच्या आड कुणी चोर बसला, तर त्यात तिचा काय दोष? पोरी, तू तुझं काम कर."

पोरीनं काम केलं. मामांचा कॉम्प्युटर साफ करायला बाजूला ठेवला. हार मात्र मामांनी स्वतः उतरवला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. आपल्या लॅपटॉपवरून तिनं मामांच्या खात्याचा पासवर्ड बदलला आणि खातं पुन्हा चालू केलं. लॅबची नवी प्रत आली होती, ती तपासली. पूनमनं इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, मामांनी त्या दोनदा मराठीत समजून घेतल्या, आणि मेल निघाली. तपासणीतून कुठंही न अडखळता पार झाली.

"गेली?"

"गेली."

मामांनी मान हलवली, पण चेहरा उतरलेलाच. "सकाळी एक मिनिट उघडलं असतंस तर सकाळीच गेली असती. दिसभर जीव टांगणीला लावलास."

हर्षदाला आता राग आला. दिवसभराची धावपळ, ते "तुला शिकवली ती ह्याच्यासाठी", सगळं एकदम वर आलं. तिनं लॅपटॉप मामांच्या पुढ्यात सरकवला आणि अडवलेल्या मेलचा ढीग उघडला. त्यातल्या एका मेलवर बोट ठेवलं.

"पूनम, कुणाला हाय ही? वाच."

पूनम वाकली आणि तिचं हसणं जागच्या जागी विरलं. "आप्पा, ही हॉलंडच्या बाईंना हाय. तुमच्या नावानं. खंडेनवमीची."

"मी न्हाई पाठवली."

"तुम्ही न्हाई, त्यानं पाठवली," हर्षदा म्हणाली. "'नवा दर सोबत जोडला आहे, फाइल उघडावी' असं लिहिलंय. खाली तुमचं नाव, गुऱ्हाळाचं नाव. तुमच्या कॉम्प्युटरात ज्यांचे ज्यांचे पत्ते व्हते, त्या सगळ्यांना अशीच एकेक. सकाळी मी दार उघडलं असतं, तर तुमच्या रिपोर्टाच्या आधी ही गेली असती. बाईंनी तुमचं नाव बघून इस्वासानं उघडली असती, आन् त्यांच्या कंपनीत घुसला असता तो. मग कसली ऑर्डर मामा? जन्मात त्यांनी तुमचं नाव घेतलं नसतं."

मामा त्या इंग्रजी अक्षरांकडे बघत बसले. त्यांना त्यातलं आपलं नाव तेवढं वाचता येत होतं, आणि तेच ते परत परत वाचत होते. माणसानं आयुष्यभर जपलेलं नाव कुणी असं वापरलेलं बघायची त्यांची पहिलीच वेळ. त्यांचा हात गळ्यातल्या टॉवेलाकडे गेला आणि त्यांनी उगाचच तोंड पुसलं.

बाहेर गुळाचा पाक थंड व्हायला वाफ्यात ओतत होते. तेवढ्यात लॅपटॉप टिंगकन वाजला. पूनमनं बाईंचं उत्तर वाचून दाखवलं, की रिपोर्ट मिळाला, उत्तम आहे, मीटिंगमध्ये ठेवते, कोल्हापूरचा नमुना आम्ही परत पाठवत आहोत. अनसाबाईनं कानशिलावर बोटं मोडली. पूनमनं हर्षदाला मिठी मारली. मामा मात्र उठले, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला.

"संपतशेठ? हनुमंत बोलतोय, कासुर्डीचा. सकाळी फोन केला व्हता मी, मेल सोडा म्हणून." त्यांनी घसा साफ केला. "चुकलं माझं. हितनं पुढं कुणीबी सांगू दे, आमदार सांगू दे, मी सोता पाय धरू दे, ती पोरगी न्हाई म्हणली तर सोडायची न्हाई. कळलं? आन् माझ्या फोनपायी तिला काय बोलला असाल तर माघारी घ्या. तिला बोलायचा मान माझा एकट्याचा हाय. मामा हाय मी तिचा."