हाताच्या ओळखीची गाडी

दादाची गाडी आठ वर्षं रस्त्यावरची होती. दोन दारांची स्पोर्ट्स कार, पण ऑफिसला जायला तीच, वहिनीला दवाखान्यात न्यायला तीच, भाजी आणायलाही तीच. यंदा ती शर्यतीसाठी ट्रॅकवर उतरवायचं त्याच्या डोक्यानं घेतलं आणि त्यानं धाकट्या बहिणीला कामाला जुंपलं. ती नुकतीच धातुशास्त्र शिकून बाहेर पडली होती. दिसेल ते मोजून पाहायची सवय, म्हणून घरात तिला मोजपट्टी म्हणत.

गॅरेजात मिस्त्रींनी आणि तिनं मिळून गाडी अक्षरशः सोलून काढली. गालिचे गेले, एसी गेला, मागची सीट गेली, दारांचं आतलं अस्तर गेलं.

"गंमत बघा ताई," मिस्त्री म्हणाले, "कंपनीनं ज्या ज्या गोष्टी दाखवून ही गाडी दादांच्या गळ्यात मारली, त्याच आपण उपटून फेकतोय. आता शिटी वाजवत जायचं. गाणी पण गेली."

ती हसली, पण लक्ष दाराकडे होतं. दाराचा उघडा पत्रा अंगठ्यानं दाबला की आत जात होता. या पत्र्यात बसून आपला भाऊ भिंतीच्या कडेनं सुसाट जाणार. तिनं आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला, प्रत्येक जोड भिंगातून पाहिला, दोन जोड कापून पुन्हा करून घेतले. आकडे जुळले की भीती जाते असं तिला आजवर वाटत आलं होतं. इथे आकडे जुळत होते आणि भीती काही हलत नव्हती.

जुना सीटबेल्टही काढला. तो कमरेशी, सीटच्या कडेला, लाल बटण दाबलं की सुटायचा. त्याच्या जागी शर्यतीचे पट्टे आले: खांद्यांवरून, कमरेवरून, मांड्यांमधून येणारे, आणि सगळे पोटावरच्या एका गोल बकलात अडकणारे. बकल फिरवलं की सगळे एकदम मोकळे. शर्यतीच्या तपासनिसांसमोर दादानं डोळे बांधून बाहेर पडून दाखवलं. शिटी वाजते न वाजते तोच बकल फिरलं, खिडकीला नवी लावलेली जाळी पडली आणि दादा बाहेर येऊन सलाम ठोकत उभा.

"बघितलंस, मोजपट्टे? आता तरी रात्री झोप."

सरावाच्या दिवशी ती ट्रॅकच्या कडेच्या बुटक्या भिंतीमागे उभी होती. काही फेऱ्या छान झाल्या. मग गाडी वळणावरून आली ती मागे पांढरी शेपटी घेऊन. बॉनेटखालून धूर, मग आतही धूर. दादानं गाडी कशीबशी भिंतीपाशी आणून थांबवली.

"निघ बाहेर!" ती ओरडली.

दादा निघेना. हेल्मेट दिसत होतं, एक खांदा आतल्या बाजूला झुकलेला दिसत होता. ती भिंतीवरून उडी मारून पळाली. मागून ट्रॅकवरचा झेंडेवाला "अहो बाई, थांबा!" म्हणून ओरडत राहिला. जाळी ओढून तिनं आत पाहिलं.

दादाचा हात पोटाकडे गेलाच नव्हता. तो सीटच्या कडेला खाली गेला होता आणि तिथे चाचपडत होता, दाबत होता, पुन्हा दाबत होता. लाल बटण होतं तिथे. तिथे आता काहीच नव्हतं. तिनंच ते काढून भोक बुजवलं होतं.

तिनं खिडकीतून हात घालून बकल फिरवलं आणि त्याला कॉलर धरून ओढलं.

आग नव्हती. एक नळी सैल होऊन तेल इंजिनालगतच्या तापलेल्या एक्झॉस्ट पाइपवर ठिबकलं होतं. मिस्त्रींनी नळी बदलली, हात पुसले आणि म्हणाले, "झालं. दुपारच्या फेरीला तयार."

दादा पाणी पीत बसला होता. "तू कशाला धावलीस गं? मी निघतच होतो."

"तुझा हात कुठे होता?"

"कुठे म्हणजे? बकलावर."

"नव्हता दादा. खाली होता. जुन्या पट्ट्यापाशी."

"काहीतरीच. मला माहीत नाही का माझा हात कुठे होता ते?"

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना त्याच्या नाकपुड्या फुगत. आता त्याचा चेहरा अगदी स्वच्छ होता, आणि त्यानंच ती जास्त घाबरली. परीक्षा त्यानं दिली तेव्हा शिटी वाजणार हे त्याला माहीत होतं. आज धुरानं आधी शिटी वाजवली नव्हती. आठ वर्षांच्या सवयीचा हात तिच्या एका महिन्याच्या बदलाला भीक घालणार नव्हता.

समजावून उपयोग नव्हता. दुपारी दादा पुन्हा गाडीत बसला. मागे गाड्यांची रांग लागली. ती पट्टे आवळायला वाकली, एक एक करून सगळे ओढून पाहिले, आणि एकाएकी त्याच्या तोंडासमोर जिवाच्या आकांतानं किंचाळली, "आग! दादा, आग!"

दादा दचकला. त्याचा हात गेला.

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. हात सीटच्या कडेला होता, अंगठा रिकाम्या पत्र्यावर दाबलेला.

 दादानं तो हात उचलून मांडीवर ठेवला, दुसऱ्याचा असावा तसा. मागचे हॉर्न वाजू लागले. समोर झेंडेवाल्यानं निघायची खूण केली.

"काय झालं?" मिस्त्री धावत आले. "कोण पेटलं?"

"कोणी नाही," दादा म्हणाला.  त्यानं इंजिन बंद केलं आणि झेंडेवाल्याला हातानंच नाही म्हणून सांगितलं. "आज नको. हा हात आधी सुधारू दे. शर्यत पुढच्या मोसमात बघू."

"इंजिन बंद केलंत, म्हणजे आता रांगेबाहेर ढकलत न्यायची का?" मिस्त्री कुरकुरले. "हलकी केली ते बरं केलं, ताई."

ती आणि मिस्त्री मागून ढकलू लागले. रस्ता सरळच होता, तरी दादानं स्टिअरिंग असं घट्ट धरलं होतं की हातमोज्यांची शिवण ताणली होती. तो घाबरलेला तिनं जन्मात पाहिला नव्हता. महिनाभर तिनं अंगात धरून ठेवलेलं बळ तिथेच ओसरलं. मिस्त्रींना कळू नये म्हणून ती गाडीवर ओणवी झाली आणि जोर लावल्यासारखं करत, नुसती टेकून, चालत राहिली.