बंद पडणारा खेळ

मित्रांनो, बहारीनमधल्या हूरा भागात, एका हॉटेलमागच्या इमारतीत, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या दोन कळांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. ती पुसली निदाच्या बोटांनी.

निदा आणि तिचा नवरा राहील मूळचे कोकणातल्या खेडकडचे. लग्न होऊन इथं आल्यावर राहीलने मला तिच्यासाठी विकत घेतलं. माझ्यावर अभ्यास करून ती कॉम्प्युटर सपोर्टचं काम शिकली. नोकरी लागली त्या दिवशी तिने ओढणीच्या टोकाने माझा पडदा पुसला आणि म्हणाली, "याचे उपकार आहेत माझ्यावर." ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे तिला ऑफिसचा लॅपटॉप मिळाला आणि मी राहीलकडे आलो. तो एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने माझ्यावर कॅसिनोचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. माझ्या पडद्यावर रंगीत चाकं फिरू लागली. मी तापू लागलो, माझा पंखा घरघरू लागला आणि ऐन डावात सगळं गोठून बंद पडू लागलं.

"जिंकत होतो! यानेच घात केला," असं म्हणत राहील माझ्यावर थाप मारी. मग दुरुस्ती सुरू होई. त्याने बाकीचे प्रोग्रॅम बंद केले. खेळ काढून पुन्हा टाकला. जागा व्हावी म्हणून निदाच्या अभ्यासाच्या फायली पुसल्या. शेवटी माझा अँटिव्हायरससुद्धा बंद केला. तरी खेळ कोसळतच राहिला, आणि प्रत्येक हार तो माझ्या खाती टाकत राहिला.

अखेर एका शुक्रवारी, जेवणं झाल्यावर, त्याने मला निदापुढे ठेवलं. "एक सॉफ्टवेअर सारखं बंद पडतंय. बघशील?"

"चालू करा."

"असंच नाही का बघता येत?"

"बंद का पडतं ते कळायला आधी चालू तर व्हायला हवं."

राहीलने माझा पडदा स्वतःकडे वळवला. मग खेळ उघडला.

कामावर करते तसंच निदाने शांतपणे सगळं तपासलं. चाकं फिरली, पडदा गोठला. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झालाय," ती म्हणाली. "नवा टाकला की चालेल. पण एक सांगा. ज्या दिवशी हे बंद पडलं नाही, त्या दिवशी काय झालं?"

राहीलची मान खाली गेली. "त्या दिवशीही हरलो."

"ईदच्या तिकिटांचे पैसे?"

"तेही गेले." निदाने डोळे मिटले. ईदला गावी जाऊन राहीलच्या वडिलांचं, अलीमियाँचं, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरलं होतं. कधी येताय, असं ते रोज फोनवर विचारत होते.

"अब्बांना मी काहीतरी सांगेन," ती म्हणाली.

"नको," राहील म्हणाला. "मीच सांगतो."

त्याने माझ्यावरूनच गावी व्हिडिओ कॉल लावला. अलीमियाँ पडवीत बसले होते.

"अब्बा, ईदला येणं जमत नाही."

"का रे? तिकिटं गावली नाय काय?"

केवढी सोपी वाट होती ती! 'नाही मिळाली' म्हटलं की झालं असतं. पण तो म्हणाला, "तिकिटं मिळत होती, अब्बा. पैसे मी जुगारात घालवले."

समोरचं चित्र जागच्या जागी थांबल्यासारखं दिसलं. मी पुन्हा अडकलो असं वाटून राहील घाबरून माझ्या कळा दाबू लागला. पण मित्रांनो, मी अडकलो नव्हतो. अलीमियाँच्या मागे दोरीवरची लुंगी वाऱ्याने हलत होती. फक्त तेच हलत नव्हते.

मग ते म्हणाले, "गुडघा थांबेल रे. तू आधी थांब."

कॉल संपल्यावर राहीलने तो खेळ माझ्यातून काढून टाकला. निदाने त्याच्या हातावर आपला हात ठेवला होता.

मित्रांनो, आम्ही यंत्रं बिघडतो. धूळ पुसा, वेळेवर दुरुस्त करा, एवढं आमचं मागणं आहेच. पण आम्हाला कुणापुढे उघडायची तुम्हालाच लाज वाटू लागली, तर आमचे स्क्रू सैल करत बसू नका. घरातल्या माणसाला हाक मारा.