वीस काडतुसं

हॉबर्ट टॅकेटला अख्खं गाव मास्तर म्हणे. शाळेचं तोंड त्याने दहावीपुरतंच पाहिलेलं. पुढे जन्मभर केंटकीतल्या त्या डोंगराळ गावात खाणीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवला. पण बावीस वर्षं, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये तो वर्ग घ्यायचा. घरच्या रक्षणासाठी बंदूक ठेवता, तर तिच्यात काय भरावं? माणसं बंदूक निवडायला सहा महिने लावतात आणि काडतूस समोर दिसेल ते उचलतात, यावर त्याचा भारी राग.

"घर कशाचं आहे तुझं?" तो एखाद्याला उभं करून विचारी. "पातळ फळ्यांचं. सरावाची गोळी चोराच्या अंगातून जाईल, भिंतीतून जाईल आणि पलीकडे शेजारीण बीन्स शिजवत असेल तिला लागेल. तुझी गोळी थांबेपर्यंत तुझीच असते बाबा. म्हणून पोकळ तोंडाची घे. ती आत गेली की फुलते आणि तिथंच राहते."

मग तो आवाज खाली आणी. आता कायद्याची गोष्ट.

"घरी भरलेलं काडतूस निशाणाच्या पुठ्ठ्यासाठी. उशाशी दुकानातलंच ठेवा, आणि खोका जपून ठेवा. गोळी किती अंतरावरून मारली हे बघायला पोलिसांची प्रयोगशाळा तसलीच काडतुसं आणते आणि कापडावर झाडते. जवळून मारली तर भोकाभोवती काजळी जास्त, लांबून मारली तर कमी. दुकानातलं काडतूस त्यांना मिळेल. तू माळ्यावर बसून भरलेलं कुठून आणतील? तू म्हणशील, साहेब, मी सांगतो ना. अरे, तू कोण? तुझ्या शब्दाला तिथं कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

हॉल हसे. दर वेळी, त्याच ठिकाणी.

आणि ह्याच शहाण्याने पुतणीला घरचीच काडतुसं भरून दिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

ट्वायला त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ खाणीतल्या अपघातात गेला तेव्हापासून हॉबर्टनेच तिचं पाहिलं. नवरा ड्वेन दारूडा आणि मारकुटा. त्याला तिने सोडलं, कोर्टाचा मनाई हुकूम आणला, तरी तो घिरट्या घालायचाच. तिच्याकडे बापाचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर होतं. पण कोंबड्यांच्या कारखान्यात काम करून तिचं मनगट कामातून गेलेलं. दुकानातलं काडतूस उडालं की धक्क्याने तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि पुढची गोळी आभाळात जायची.

दुकानात हलक्या धक्क्याची काडतुसंही मिळतात. हॉबर्टला ते ठाऊक होतं, वर्गात तो त्यांची नावंही सांगे. पण आपल्या हातचं असताना पोरीने दुकानातलं का वापरावं? घमेंड, निव्वळ घमेंड. त्याने दुकानातल्या काडतुसांच्या वापरलेल्या पुंगळ्या घेतल्या, बंदुकीची दारू बरीच कमी घातली, पन्नास काडतुसं केली. तीस तिला दिली, वीस कॉफीच्या डब्यात ठेवली, आणि सवयीप्रमाणे वहीत सगळं लिहिलं.

"अगं बाई, लोण्यासारखी आहेत," ती सरावाला म्हणाली. पंचवीस तिने तिथंच उडवली, उरलेली पाच रिव्हॉल्वरमध्ये भरून ठेवली.

"वर्गातल्या कुणाला बोलू नकोस हं," तो म्हणाला. "माझी अब्रू जाईल."

"माझ्या तोंडातून शब्द निघायचा नाही, काका."

मे महिन्यात भर दुपारी ड्वेन दार फोडून स्वयंपाकघरात शिरला. ट्वायलाने हातभर अंतरावरून पाचही गोळ्या झाडल्या. दोन त्याला लागल्या, तरी तो धडपडत अंगणात जाऊन पडला. पण वाचला मेला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, मी अंगणातून परत निघालो होतो, ती दारात उभी राहून मारत होती. सगळं अंतरावर येऊन ठेपलं. स्वयंपाकघरात हातभरावरून मारली असेल तर तो तिचा हक्क. अंगणात जाणाऱ्या माणसाला मारली असेल तर वीस वर्षं तुरुंग.

दुसऱ्या दिवशी शेरीफच्या पोलिस कचेरीतला लॉनी प्रुइट हॉबर्टकडे आला. मास्तरच्याच वर्गातला, पहिल्या बाकावरचा.

"मास्तर, ट्वायला म्हणते काडतुसं तुम्ही दिली," तो ओशाळून म्हणाला. "दुकानातलीच ना? तुम्हाला हे विचारायचं म्हणजे पाद्रीबाबांना बायबल वाचता का विचारण्यासारखं आहे. पण कागदावर लिहावं लागतं."

हॉबर्टच्या कानशिलांना चटका बसला. बावीस वर्षांचा तो हशा एकदम कानात आला. अजून काय बिघडलंय, त्याने स्वतःला सांगितलं, पोरगी खरी आहे, सुटेलच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"दुकानातलीच," तो म्हणाला.

लॉनीने लिहून घेतलं, थंड चहा घेतला आणि गेला. एवढंच झालं.

पण खोटं एकटं राहत नाही. कुणी माळा बघायला आलं तर? त्याच दुपारी हॉबर्टने कॉफीचा डबा काढला. वीसही काडतुसं एकेक करून खोलली. गोळ्या भंगाराच्या शिशात, पुंगळ्या बादलीतल्या हजार पुंगळ्यांत. दारू मागच्या वाफ्यात टोमॅटोला टाकली. तिकडे जुनी दारू सगळेच खत म्हणून झाडांना घालतात. वहीचं पान फाडून चुलीत घातलं. हात धुतले. नळावरच्या आरशात बघायला नको म्हणून तोंड न धुताच बाहेर आला.

जुलैत प्रयोगशाळेचा अहवाल आला. पुंगळीवर ज्या कंपनीचा शिक्का, तिचीच नवी काडतुसं आणून त्यांनी कापडावर झाडली होती. ड्वेनच्या सदऱ्यावर काजळी फारच कमी, म्हणून गोळ्या बारा-पंधरा फुटांवरून मारल्या असाव्यात. ट्वायलावर खटला उभा राहिला. जामिनावर सुटली, पायात पोलिसांचा पाळतीचा पट्टा घालून आईकडे राहू लागली.

हॉबर्टने ऑगस्टचा वर्ग पाठदुखी सांगून रद्द केला. चर्चमध्ये मागे बसू लागला. रोज सकाळी लॉनीला फोन करायचा म्हणून उठे आणि रोज काहीतरी काम काढी. एक लाज झाकण्यापायी तो आणखी लाज वाटावी असं वागत चालला होता.

मग एका सकाळी ट्वायला आली. चेहरा उजळलेला. घराबाहेर पडायला वकिलाने कोर्टाची परवानगी काढून दिली होती.

"काका, आधी माफी मागते," ती मागच्या पायरीवर बसत म्हणाली. "तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. इतके दिवस कुणाला बोलले नव्हते हो. म्हटलं, तुमची अब्रू. पण काल वकील म्हणाला, काजळी इतकी कमी कशी, काडतुसं साधी होती ना? तेव्हा मला राहवलं नाही. सांगून टाकलं, काकांनी मला दारू कमी घालून हलकी भरून दिली होती."

हॉबर्ट पायरीवरची माती बुटाने झाडत राहिला.

"वकील खुर्चीतून उठलाच. म्हणाला, दारू कमी तर काजळीही कमी, त्यातली दहा जरी मिळाली तरी प्रयोगशाळेला परत झाडायला लावतो, केस तिथंच संपते. मी म्हटलं दहा कशाला, वीस आहेत, कॉफीच्या डब्यात. आणि काका वहीत सगळं लिहितात." तिने वाफ्यातला एक टोमॅटो तोडला, बाहीला पुसला आणि चावा घेतला. "काय आलेत यंदा. काय घातलंत?"



"तेच," हॉबर्ट म्हणाला.

"काय तेच?"

"तुझी वीस काडतुसं. दारू इथं टाकली मी. लॉनीला दुकानातली म्हणून सांगितलं, आणि मग... पान जाळलं. लाज वाटली गं मला. हसतील म्हणून."

तिने हातातल्या टोमॅटोकडे पाहिलं. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी गप्प बसले होते ना, काका," एवढंच ती म्हणाली.

हॉबर्ट आत गेला आणि त्याने तिच्यासमोर लॉनीला फोन लावला. सगळं सांगितलं: हलकी काडतुसं, खोटा जबाब, कॉफीचा डबा, चूल. दारूचं मापही सांगितलं, त्याला अजून पाठ होतं.



"मास्तर, मी लिहून घेतो," लॉनी म्हणाला. "पण ती तुमची पुतणी. पहिला जबाब तुम्हीच उलटा दिलेला. पुरावा काय आहे तुमच्याकडे?"

"माझा शब्द," हॉबर्ट म्हणाला.

लॉनी हसला नाही. ट्वायलाने अर्धा टोमॅटो पायरीवर ठेवला आणि पट्ट्याचा पाय ओढत गाडीकडे निघाली.