म्हातारी आजारी होती

"साहेब, पुढची तारीख कवा हाय?"

मथुराबाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून वकीलपत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली. त्यावर सही माझी होती, अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी नुसता वकील होतो, खासदार व्हायचा होतो.

खराडीतल्या माझ्या कार्यालयात शनिवारी गर्दी असते. कुणाला शिफारस हवी, कुणाला सत्काराला पाहुणा. माझा एखादा पक्षकार अजून शिल्लक असेल, हे माझ्या ध्यानातही नव्हतं.

माझी ज्युनिअर अस्मिता मोबाइलवर शोधून हळूच म्हणाली, "सर, दावा डिसमिस झालाय. चार महिने झाले. आपल्याकडून कुणी अपिअरच झालं नाही."

दावा मांजरीतल्या त्यांच्या राहत्या घराच्या जागेचा. बिल्डरचे खांब अंगणापर्यंत आलेले.

"तुम्ही तारखेला गेला नाहीत?" मी विचारलं. वर आवाज चढवून, काय म्हणावं मला!

"गेले की. येक बी तारीख चुकवली न्हाय. भाईर बाकावर बसले. माझ्या नावाचा पुकारा बी झाला."

"मग आत का नाही गेलात?"

"तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, मी आल्याबिगर आत पाऊल टाकायचं न्हाय? मला वाटलं, दिल्लीचं इमान लेट झालं आसंल."

सांगितलं होतं खरं. मोठ्या ऐटीत. आणि तो पुकारा झाला त्या दिवशी मी पुण्यातच होतो, कोर्टापासून दहा मिनिटांवर, स्वतःच्या सत्कारात. मान वर करायची लाज वाटली.

"मावशी, दावा निकालात निघाला. चूक माझी आहे."

"घर गेलं म्हना की."

"अजून नाही. दावा पुन्हा उघडायला अर्ज करता येतो. आपण का आलो नाही, ते कारण त्यात लिहायचं."

"सर, खरं लिहिलं तर तुमचं नाव येणार," अस्मिता पुटपुटली. "पुढे इलेक्शन आहे."

"त्यांचं नाव कशाला?" मथुराबाई तिच्यावरच डाफरल्या. "लिवा, म्हातारी आजारी व्हती. आळीत सांगत फिरते मी, माझा वकील दिल्लीला हाय म्हनून. लोक हसत्याल."

मी नको म्हणायला हवं होतं. संसदेत अर्धा अर्धा तास बोलतो मी. इथे अस्मिताकडे बघून नुसती मान हलवली. अस्मिताने टाइप केलं, मी वाचलं आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी अंगठा उठवला, शाई केसांना पुसली, वकीलपत्र पुन्हा पिशवीत घातलं. दारापर्यंत जाऊन वळल्या.

"साहेब, आता पुकारा झाला की आत जाऊ, का तुमची वाट बगू?"