चिमीच्या पायातली काच

अख्खं शहर येऊन गेलं, पण चिमी काही आली नाही. दोन महिने दवाखान्याचं बाक रिकामं नव्हतं. भट्टीवाला भाजलेला दंड घेऊन आला, शाळेच्या बाई फुटलेल्या कपाळाचा वण घेऊन आल्या, एक ट्रकवाला तर पार दुसऱ्या गावाहून आला. आणि सख्खी धाकटी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, तिला सवड नाही! आता काय म्हणावं?

ताई सांधणारी होती. सांधणारी म्हणजे हात ठेवून जखमा मिटवणारी बाई. ऐकायला छान वाटतं. पण मिटलेली जखम सांधणारीच्या जिवाला बांधलेली असते आणि सांधणारीचा जीव जखमेला. एक जरी जखम बांधलेली असली तरी सांधणारीला मरण येत नाही. म्हातारपण मात्र येतं, आणि सगळंच्या सगळं येतं. ताईला चौऱ्याण्णव वर्षं झाली होती. दात गेले, डोळ्यांना नुसता उजेड-अंधार कळायचा, माणसं ती पावलांवरून ओळखायची. कूस बदलायची तर भाचीला हाक मारावी लागे.

भाची म्हणजे या चिमीचीच मुलगी. तीही आता पंचावन्नची, आणि हात मावशीपेक्षा चांगला. दोन महिने तीच एकेक जखम आपल्याकडे घेत होती. रीत अशी की नव्या सांधणारीने जुन्या वणावर हात ठेवायचा. जखम घटकाभर उघडते, माणूस ओरडतो, आणि मग ती नव्या हाताखाली मिटते.

"आई नाही म्हणते," भाची म्हणाली. "गुडघा दुखतोय म्हणे."

"गुडघा कसला डोंबलाचा! काच टोचत असेल."

ती काच हा ताईच्या आयुष्यातला पहिला घोळ. ताई सोळा वर्षांची असताना मागच्या पायऱ्यांवर बाटली फुटली आणि नऊ वर्षांच्या चिमीची पोटरी उभी चिरली. ताई घाबरली, रक्त बघितलं आणि थेट हात ठेवला. आधी बघायचं, धुवायचं, मग हात ठेवायचा, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं. जखम झकास मिटली, काच आत राहिली, आणि चिमी जन्माची लंगडी झाली. स्वतः मिटवलेली जखम सांधणारीला उघडता येत नाही. दुसऱ्या कोणाकडून उघडून घे म्हणून सगळ्यांनी चिमीला समजावलं. ती म्हणायची, "माझ्या ताईचं काम दुसऱ्याने उसवायचं? हॅट!"

"चल, मलाच ने तिच्याकडे," ताई म्हणाली.

दोन गल्ल्यांना पाऊण तास लागला. शिंप्याच्या पायरीवर बसून झालं, भिंत धरून उभं राहून झालं. एकदा ताई रस्त्याच्या मधोमधच थांबली आणि म्हणाली, "मला इथेच ठेव आणि तू जा." भाचीने मुकाट्याने कंबरेला हात घातला.

चिमी स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"आलीस? बस. पाणी देऊ?"

"पाणी राहू दे. पाय दे."

"कामात आहे मी."

"चिमे!"

मटाराचं ताट खाली आपटलं. "नाही देत जा! पाय दिला की तू मरशील. मला कळत नाही वाटतं? दोन महिने त्या खिडकीत बसून तुझ्या दवाखान्यात जाणारी माणसं बघतेय. प्रत्येक माणूस परत जाताना दिसला की म्हणते, असू दे, अजून मी आहे ना."

ताईला भयंकर राग आला. मग तो रागही तिच्याच्याने धरवेना.

"मी दमले गं," ती म्हणाली. "झोप लागत नाही, घास उतरत नाही. सकाळ झाली की वाटतं, अरे देवा, परत? फार दमले मी, चिमे."

चिमीने सांडलेले मटार ताटात गोळा केले.

"मग मी मरेपर्यंत तरी थांब. मी तरी कितीशी राहणार?"

"तू? काच पचवून बसलीयेस तू. तू शंभरी गाठणार!"

चिमीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. "अठ्ठ्याहत्तर वर्षं पायरी उतरताना टोचतं आणि मी तुला शिव्या घालते. रोज. मग आता कोणाला घालू?"

"मलाच घाल. ऐकेन."

शेवटी चिमीने पदराने नाक पुसलं आणि पाय ताईच्या मांडीवर ठेवला. भाचीने हात धुतले, वण नीट बघितला, दाबून काच कुठे आहे ते बघितलं, आणि हात ठेवला. "आई गं!" चिमी ओरडली. रक्त ताईच्या बोटांना लागलं, अगदी त्या दिवशीसारखं गरम. चिमट्याने काच बाहेर आली. भाचीने ती मावशीच्या तळहातावर ठेवली. एवढीशी होती, नखाएवढी. जखम भाचीच्या हाताखाली मिटली.

ताईच्या छातीतली कसली तरी ओढ सैल झाली. किती तरी वर्षांनी तिला नीट श्वास घेता आला.

"तुझ्या खाटेवर जरा पडते," ती म्हणाली.

दोघींनी तिला आतल्या खोलीत निजवलं. भाची रक्त पुसायला गेली. ताई डोळे मिटून पडली होती, तेवढ्यात दारातून पावलं आली. सरळ, सारखी पडणारी. ओळखीची नव्हती.

"कोण आहे?" ताईने घाबरून विचारलं. "चिमी कुठे गेली?"

"अगं मीच आहे."

"नाही. चिमीला बोलव."

चिमी खाटेपाशी थबकली. मग मागे फिरली, थेट दारापर्यंत गेली, आणि तिथून पुन्हा आली. या वेळी डावा पाय ओढत, एक पाऊल जड, एक हलकं, आणि मधे तोंडातल्या तोंडात एक ठेवणीतली शिवी.

"हां," ताई म्हणाली. "आता कळलं."

तिने चाचपडत बहिणीचा हात धरला. थोड्या वेळाने त्या हाताची पकड सुटली. चिमी तशीच उभी राहिली, डावा पाय जरा उचलून.