शेजारीच बसलीय

आंपारोइतकी भित्री बाई अख्ख्या मारिकिना शहरात नव्हती, आणि तिला त्याचा अभिमान होता. तिथे नाताळ सप्टेंबरातच सुरू होतो; दुकानांत गाणी वाजायला लागली की तिच्या अंगात यायचं.

"ताई, पर्स पुढे घे. पोटावर. मागे लटकवलीस तर ती तुझी नाही, लोकांची."

"ताई, दिव्यांच्या माळा चालू ठेवून झोपू नकोस. वायर तापते."

"ताई, कडी."

ताई म्हणजे लुदिविना. लग्न न केलेली, घरी बसून चपलांचे पट्टे शिवणारी. नवरा गेल्यावर आंपारो या थोरल्या बहिणीकडे राहायला आली, आणि येताना नवऱ्याचे बूट घेऊन आली. घरात पुरुष आहे असं चोराला वाटावं म्हणून ते दाराबाहेर ठेवायचे, आणि मधूनमधून हलवायचेही. बूट एकाच जागी राहिले तर चोराला कळतं, असं तिचं म्हणणं. त्या बुटांना गल्लीतले लोक आपसांत "भावजी" म्हणत. लुदिविना वैतागायची, पण ऐकायची. आंपारोही तिचं एक सोडून सगळं ऐकायची. लुदिविनाने केलेल्या पेजेत मीठ कमी असतं, हे ती रोज सांगायची आणि रोज दोन वाट्या प्यायची.

सगळ्यात जास्त भीती होती ती रक्ताच्या फोनची. वस्तीचा पहारेकरी सिस्तोकाका कर्ण्यावरून ओरडत फिरायचा, "फोन येईल! कुणीतरी रडेल! तुमच्या माणसाला अपघात झाला, रक्त वाहतंय, सोनं घेऊन या म्हणतील! जाऊ नका!" आंपारोला तेवढ्यावर समाधान नव्हतं. काय बोलायचं हेही तिने लुदिविनाकडून घोकून घेतलं होतं.

"माझं नाव घेऊन फोन आला तर काय म्हणशील?"

"माझी बहीण ना? ती इथे माझ्या शेजारीच बसलीय."

"आणि मग?"

"फोन ठेवेन आणि वायर काढून टाकेन. झालं तुझं समाधान? आता मला शिवू दे."

गेल्या डिसेंबरात आंपारो नाताळच्या जेवणासाठी हॅम आणायला बाजारात गेली. पर्स पोटावरच होती, दोन्ही हात पर्सवर होते. रस्ता ओलांडताना मोटारसायकल आली ती बाजूने.

दुपारी फोन वाजला. कुणी मुलगी घाईघाईने बोलत होती. तुमच्या बहिणीला अपघात झालाय, सरकारी दवाखान्यात आणलंय, त्या तुम्हालाच बोलावतायत. एखादी चादर आणा, खायला काहीतरी गरम आणा.

"माझी बहीण ना?" लुदिविना म्हणाली. "ती इथे माझ्या शेजारीच बसलीय." तिने फोन ठेवला, वायर काढली, आणि आंपारो आली की तिला ही फुशारकी कशी सांगायची ते मनात जुळवत पट्टे शिवत बसली.

संध्याकाळी सिस्तोकाका दारात आला तेव्हा त्याच्या हातात कर्णा नव्हता. आंपारो तासाभरापूर्वी गेली होती. शेवटपर्यंत ताई, ताई करत होती, असं फोन करणाऱ्या त्याच मुलीने दवाखान्यात सांगितलं. तिने रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ती बिचारी हळू आवाजात सांगत होती.

दफन झाल्यावर तिथून सरळ घरी यायचं नसतं. वाटेत कुठेतरी थांबायचं, पाव घ्यायचा, चार लोकांत बसायचं, म्हणजे गेलेलं माणूस पाठोपाठ येत नाही. सगळे बेकरीत शिरले. लुदिविना एकटी कुठेही न थांबता चालत घरी आली. आंपारोने यावं, रागावून का होईना पण यावं, म्हणून. घरात आल्यावर तिने दाराला कडी घातली नाही.

वर्षभर घातली नाही. रात्री दार नुसतं लोटलेलं असायचं. भुतं कुठेकुठे विनाकारण फिरतात, आणि जिथे हवं तिथे एक फिरकत नव्हतं! साधी भांडी वाजली नाहीत. बूट ठेवले तिथेच राहिले. लुदिविनाला एकच गोष्ट हवी होती: आंपारोने तिच्यावर एकदा ओरडावं. त्या शांततेने ती खंगत चालली होती.

समोरच्या किराणावाल्या पुरिताला हे बघवत नव्हतं. "अगं, डिसेंबर आहे. उद्या तुझी मशीन चोराने नेली तर पट्टे काय दातांनी शिवशील? कडी घाल की!"

"तिला उघडता येणार नाही."

"तिला कडीची अडचण असती तर ती भूत कसली?" पुरिता म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

आंपारोला जाऊन वर्ष व्हायला दोन दिवस उरले. वर्ष पुरं झालं की काळे कपडे उतरवायचे, आणि मग बाई मोकळी, असं सगळे समजतात. त्याच दुपारी फोन वाजला.

आधी नुसतं रडणं. बाईचं, हुंदके देत. मग, "ताई..."

लुदिविनाच्या हातातली सुई खाली पडली. "कोण? आंपारो?"

पलीकडे किंचित थांबणं झालं. नाव पकडायला लागतं तेवढंच. "हो ताई, मीच. मला लागलंय गं..."

त्या थांबण्यातच लुदिविनाला सगळं कळलं. ती काही दुधखुळी नव्हती. पाठोपाठ एक पुरुष बोलायला लागला: ऑपरेशन करावं लागेल, घरातलं सोनं डब्यात घाला, मॉलमध्ये नाताळच्या मोठ्या कंदिलाखाली आमची बाई येईल, कुणाला सांगू नका. सिस्तोकाका ओरडतो त्यातला एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. बोलायचं वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. पण तेच वाक्य तिचं एकदा बोलून झालं होतं.

"येते," ती म्हणाली. "तिला सांगा, रडू नकोस. मी निघालेच."

तिने तांदूळ धुतले, आलं ठेचलं, कोंबडीचे तुकडे घातले. पेज उकळून मऊ झाली तशी अर्धी डब्यात भरली. कपाटातली धुतलेली चादर काढली. डबा तिच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि पिशवी पोटावर घेतली.

पुरिताने दुकानातूनच हटकलं. "एवढं छातीशी धरून काय चाललीस? सोनं?"

"पेज."

"कुणाला?"

"आंपारोला. फोन आला होता."

पुरिताचा चेहरा उतरला. "लुदी, ते रक्ताचे फोनवाले असतात गं. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण बोलावलंय आणि मी गेले नाही, असं पुन्हा व्हायचं नाही."

मॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गाणी, पोरांची रडारड, भाजलेल्या मक्याचा वास. लुदिविना दोन्ही हात पिशवीवर ठेवून चालली. कंदिलाखाली एक चाळिशीची बाई उभी होती, सतत खांद्यावरून मागे बघणारी.

"आंपारोची बहीण?"

"हो." लुदिविनाने पिशवी तिच्या हातात दिली.

बाईने हात आत घातला आणि चटकन काढला. "हे गरम कसं?"

"पेज आहे. उपाशी असेल ती."

"आणि सोनं?"

"सोनं तिने मागितलंच नव्हतं गं. चादर मागितली होती, काहीतरी गरम मागितलं होतं, आणि मला बोलावलं होतं. मी आले नाही. आज आलेय, एवढं तिला सांग."

बाईने शिवी द्यायला उघडलेलं तोंड मिटलं. पिशवी मात्र परत दिली नाही. छातीशी धरून ती गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

लुदिविना घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. गल्लीभर कंदील लागले होते. तिने दार लोटलं, उरलेली पेज गरम केली, आणि मनाशी काही न ठरवता दोन वाट्यांत वाढली. एक आपल्यासमोर, एक शेजारच्या खुर्चीसमोर. वर्षभरात तिने असं केलं नव्हतं. आज आपण जाऊन आलो, आता निदान हे वाढायला तोंड आहे, असं तिला वाटलं.

फोन वाजला. दुपारचाच पुरुष, पण आता गोडवा संपला होता.

"म्हातारे, थट्टा करतेस? डब्यात पेज? तिकडे तुझी बहीण मरायला टेकलीय, कळतंय का?"

लुदिविनाने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. वाटीतून वाफ निघत होती.

"माझी बहीण ना?" ती सावकाश म्हणाली. "ती इथे माझ्या शेजारीच बसलीय."

"खोटं बोलू नकोस. तू एकटी राहतेस, आम्हाला..." तो मध्येच थांबला. मग वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मागून कोण बोलतंय?"

घरात चिडीचूप होतं. लुदिविनाने श्वास रोखून कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही.

"काय म्हणतेय?" तिने विचारलं.

"बाई, फोन बाजूला घ्या, कोण आहे ते—"

"काय म्हणतेय ती? तुझ्या पाया पडते, सांग मला. मला ऐकू येत नाहीये!"

"मीठ," तो माणूस म्हणाला. "मीठ कमी आहे म्हणतेय. सारखं तेच. आणि कडी. ताई, कडी घाल आधी, म्हणून ओरडतेय. कोण आहे ती?"

तिने उत्तर देण्याआधीच त्याने फोन आपटला.

लुदिविना रडली, हसली, परत रडली. मग उठून तिने दाराला कडी घातली, आणि मिठाची बरणी काढली.